नळाच्या पाण्यातून निघणारा काळा-तपकिरी गाळ पाण्यातला नसतोच. मग तो येतो कुठून?

काचेचे दोन ग्लास. एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओ मशीनचं. त्यांच्यावर प्लास्टिकचा एक डबा ठेवला जातो, डब्यातून निघालेल्या चार सळया दोन-दोन करून पाण्यात बुडतात आणि प्लग सॉकेटमध्ये जातो. मिनिटभरात नळाच्या पाण्यात हिरवट ढग उठतात, मग ते काळपट होतात, मग विटकरी. वर फेस जमतो. शेजारच्या ग्लासातलं आरओचं पाणी मात्र जवळपास तसंच राहतं. "बघा ताई, हेच पाणी तुमची मुलं पितात," असं सांगितलं जातं आणि हजारो रुपयांच्या मशीनचा कागद पुढे येतो.

हे प्रात्यक्षिक देशभर चालतं, पण वसई, नालासोपारा, विरारसारख्या भागात ते जास्त पटतं. याला कारण आहे. इथल्या अनेक सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाकीत महापालिकेचं पाणी, बोअरचं पाणी आणि टँकरचं पाणी एकत्र पडतं. आज नळाला नेमकं कुठलं पाणी आलंय हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी कुणी डोळ्यांसमोर गाळ काढून दाखवला, तर तो खरा वाटणारच. मग त्याचा व्हिडिओ होतो, बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि तिथून नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो.

थोडक्यात उत्तर असं: त्या ग्लासातला गाळ पाण्यातून निघालेला नसतो. डब्याच्या लोखंडी सळईतून सुटलेलं लोखंड पाण्यात येतं आणि त्याचा गंज होतो. दोन्ही ग्लासांत हेच घडतं. एकात जास्त, दुसऱ्यात कमी. पण एवढ्यावर थांबलं तर यातली खरी गंमत राहून जाते. त्या मिनिटाभरात ग्लासात हिरवा, काळा आणि तपकिरी असे जे रंग बदलतात, ते लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांची आतली रचना बदलत असल्याचे रंग आहेत. आणि हाच बदल मुद्दाम घडवून बंगालमध्ये पाण्यातलं विष काढलं जातं. त्यामागे एक मुंबईकर आहे.

एक ग्लास तपकिरी, दुसरा स्वच्छ: असं का?

या डब्याला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. प्रत्येक ग्लासात दोन सळया उतरतात, सहसा एक लोखंडाची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची. आत एक डायोड असतो, तो वीज एकाच दिशेने वाहू देतो. लोखंडाची सळई धन टोक होते. तिथे लोखंडाचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, म्हणजे सळई अक्षरशः विरघळायला लागते. ऋण टोकाशी पाण्याचे रेणू फुटून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. फेस त्याचाच.

किती लोखंड सुटेल हे वाहिलेल्या विजेवरून ठरतं. मायकेल फॅरेडेने १८३० च्या दशकात मांडलेला हा नियम अकरावी-बारावीला अनेकांनी पाठ केलेला असतो. आकडे घालून पाहू. अर्धा अँपिअर वीज एक मिनिट वाहिली, तर सळईतून साधारण ८.७ मिलिग्रॅम लोखंड सुटतं. ग्लास २०० मिलिलिटरचा धरला, तर हे झालं लिटरमागे सुमारे ४३ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोची आजची लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. म्हणजे चांगलं असलेलं पाणीसुद्धा एका मिनिटात मर्यादेच्या ४३ पट लोहाचं करून दाखवायची सोय त्या डब्यात आहे.

आता आरओचा ग्लास. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. ती वाहून नेतात पाण्यात विरघळलेले क्षार. यांचीच मोजणी म्हणजे टीडीएस. नळाच्या पाण्याचा टीडीएस ३०० आणि आरओच्या पाण्याचा ३० असेल, तर तेवढ्याच दाबाखाली आरओच्या ग्लासातून वीज अंदाजे दहापट कमी वाहते आणि लोखंडही दहापट कमी सुटतं. तरी ते लिटरला चार मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे त्या "शुद्ध" ग्लासातलं पाणीही प्रात्यक्षिकानंतर मर्यादेबाहेर गेलेलं असतं. फक्त ते डोळ्यांना फिकट पिवळसर झाक एवढंच दिसतं. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा डबा लावायला सांगितलं, तर हे लगेच कळतं. तेच पाणी, तेच मशीन, आणि गाळ भरपूर. (हा डबा थेट घरच्या विजेवर चालतो. त्यामुळे घरी मुलांनी हे करून पाहू नये, आणि चालू असताना पाण्यात बोट तर अजिबात घालू नये.)

म्हणजे डबा दाखवतो ते फक्त पाण्यात क्षार किती आहेत एवढंच, तेही आडवळणाने. वसईच्या किनारपट्टीवर याचा परिणाम उलटाच होतो. पश्चिमेकडे समुद्र आणि खाडी जवळ. भूजलाचा उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं, विहिरी मचूळ होतात. टँकरसाठी होणाऱ्या याच उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली होती. अशा खारट बोअरच्या पाण्यात डबा लावला, तर गाळाचा नुसता चिखल होतो. याउलट सूर्या, उसगाव किंवा पेल्हार धरणाचं कमी क्षारांचं पाणी वाटेत फुटक्या पाइपातून गटाराचे जंतू घेऊन आलं, तर तेच पाणी या परीक्षेत बऱ्यापैकी पास होईल. जंतूंना रंग नसतो आणि ते वीज वाहून नेण्यात काही हातभारही लावत नाहीत. पोट बिघडवणारं पाणी पास आणि नुसतं खारट पाणी नापास, अशी ही परीक्षा.

हिरवा, काळा, तपकिरी: ग्लासात काय घडतं?

सळईतून सुटलेलं लोखंड सुरुवातीला दिसत नाही. ते विरघळलेल्या रूपात असतं, पाणी नितळच. दुसऱ्या टोकाशी पाणी फुटताना हायड्रॉक्सिल तयार होतं आणि लोखंड त्याच्याशी जुळतं. इथून घन कण बनायला सुरुवात होते.

जवळपास पुरेसा ऑक्सिजन नसेल तर आधी जो पदार्थ बनतो त्याला ग्रीन रस्ट, म्हणजे हिरवा गंज म्हणतात. त्याची रचना पापडाच्या चळतीसारखी असते. लोखंड आणि हायड्रॉक्सिल यांचा एक पातळ थर, मग मधे पाणी आणि पाण्यातलेच क्लोराइड, कार्बोनेट किंवा सल्फेट, मग पुन्हा लोखंडाचा थर. थरातले काही लोहअणू दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, काही तीन गमावलेले. या मिश्र अवस्थेमुळेच तो हिरवट-निळसर दिसतो. मधल्या फटीत काय भरलंय हे त्या पाण्यात कोणते क्षार आहेत यावर ठरतं. म्हणजे खारट बोअरचा हिरवा गंज आणि धरणाच्या पाण्याचा हिरवा गंज आतून थोडा वेगळा असतो.

मग तो काळपट का होतो? याचं उत्तर ऑक्सिजनच्या हिशेबात आहे. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तेवढा ऑक्सिजन साधारण ५६ मिलिग्रॅम लोखंडाला पूर्ण गंजवू शकतो. आपला डबा मिनिटात ४३ मिलिग्रॅमच्या हिशेबाने लोखंड सोडतो, आणि सळईजवळचा ऑक्सिजन तर त्याआधीच संपलेला असतो. अशा उपाशी जागी हिरव्या गंजातून मॅग्नेटाइट बनायला लागतो. तो काळा. चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं ऑक्साइड म्हणजे हाच. "बघा, पाण्यातून काळं विष निघालं," असं ज्याकडे बोट दाखवून सांगतात, ते म्हणजे घाईघाईत हवा न मिळालेला गंज.

तो ग्लास फेकून न देता तसाच ठेवला, तर पुढचा अंक पाहायला मिळतो. वरून हवा शिरत जाते, तसा हिरवा-काळा रंग वरच्या बाजूने नारिंगी होत खाली उतरतो. थरांची चळत मोडते, कारण आता सगळेच अणू तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत जातात आणि जुन्या मांडणीतला विद्युतभाराचा तोल राहत नाही. लोखंड नव्या मांडणीत बसतं. पाण्यात सिलिका किंवा फॉस्फेट फारसं नसेल तर लेपिडोक्रोसाइट नावाचं थरांचं नारिंगी खनिज बनतं. ते असेल तर फेरिहायड्राइट बनतं. बेसॉल्टच्या खडकातून पाझरून आलेल्या पाण्यात सिलिका असतेच, त्यामुळे आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा ओढा दुसऱ्या बाजूला.

फेरिहायड्राइट हे नाव अवघड असलं, तरी वस्तू ओळखीची आहे. बादलीच्या तळाशी बसणारा ताजा, मऊ, पिवळसर तपकिरी साका बराचसा हाच. आपल्या शरीरात लोह साठवणारं फेरिटिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या पोकळीत ४,५०० पर्यंत लोहअणू मावतात आणि तिथेही लोह जवळपास याच रूपात ठेवलेलं असतं.

आठ फ्लॅटचा एक ग्रॅम

फेरिहायड्राइटचे कण २ ते ५ नॅनोमीटरचे असतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड, यावरून अंदाज घ्यावा. कण इतका लहान झाला की त्याच्यातले बरेचसे अणू आत नसून पृष्ठभागावरच येतात. एक ग्रॅम फेरिहायड्राइटचा सगळा पृष्ठभाग उलगडून अंथरला, तर तो ३०० चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे सव्वातीन हजार चौरस फूट कार्पेट. विरारच्या भाषेत सांगायचं तर ४०० फुटांचे आठ वन-बीएचके, एका ग्रॅममध्ये.

पण हा पृष्ठभाग टिकत नाही. पृष्ठभागावरच्या अणूंना शेजारी पुरेसे नसतात, त्यांचे काही हात मोकळे राहतात. पाण्याचे रेणू ते तात्पुरते धरतात. त्यामुळे हा कण पाण्यात असतो तोवर कायम अस्वस्थ. वेळ मिळाला की तो जास्त स्थिर अशा दोन खनिजांपैकी एकात बदलतो: पिवळसर गोएथाइट किंवा लाल हेमॅटाइट.

दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. गोएथाइट होताना कण थोडा थोडा विरघळतो आणि सुटलेलं लोखंड दुसरीकडे नव्या मांडणीत सुईसारख्या स्फटिकांत रचलं जातं. हेमॅटाइट होताना कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या आतलं पाणी बाहेर पडतं आणि जागच्या जागी अणू सरकून नवी रचना बनते. यातलं काय होणार, हे पाण्याचा पीएच ठरवतो. उदो श्वेर्टमान आणि एन्वर मुराद यांनी वेगवेगळ्या पीएचच्या पाण्यात फेरिहायड्राइट ठेवून जवळपास तीन वर्षं वाट पाहिली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. पीएच ७ ते ८ च्या आसपास हेमॅटाइटचं प्रमाण सर्वांत जास्त, आणि पाणी खूप आम्लधर्मी किंवा खूप क्षारधर्मी असेल तर गोएथाइट. एका बरणीतला गंज बदलताना पाहायला तीन वर्षं! पण त्याच पाण्यात थोडं विरघळलेलं, दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह असेल, तर तोच बदल काही तासांत किंवा दिवसांत होतो. आणि सिलिका असेल तर ती पृष्ठभागावर बसून राहते आणि बदल लांबवते.

हे कण एकमेकांना चिकटतात तेव्हा नेमकं काय होतं, हे बरीच वर्षं अंदाजाने सांगितलं जायचं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत डोंगशेंग ली, जिम डि योरिओ आणि सहकाऱ्यांनी पाण्याचा पातळ थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते थेट पाहिलं. दोन कण जवळ येतात, पण लगेच जुळत नाहीत. आपापल्या जागी वळत राहतात, पुन्हा पुन्हा टेकून पाहतात. दोघांच्या आतल्या अणूंच्या ओळी एकमेकींशी नीट जुळल्या, की शेवटचं एक नॅनोमीटरहूनही कमी अंतर ते एकदम झेप घेऊन पार करतात आणि एकच स्फटिक होतात. वरातीतल्या गर्दीत दोन माणसं पावलं जुळेपर्यंत चाचपडतात, तसं काहीसं.

या प्रवासाचं शेवटचं टोक पालघर जिल्ह्यात घरोघर माहीत आहे. वारली चित्रं ज्या भिंतीवर काढतात ती सारवायची गेरू म्हणजे मुख्यतः हेमॅटाइट. पिवळ्या मातीचा रंग गोएथाइटचा. पिवळी माती भाजली की ती लाल होते, कारण उष्णतेने गोएथाइटमधलं पाणी निघून जातं आणि हेमॅटाइट उरतं. जांभा खडक आणि कोकणची तांबडी माती यांचे रंगही याच दोघांचे. तिथे मात्र हे काम व्हायला मिनिटं लागली नाहीत, लाखो वर्षं लागली.

जो गाळ दाखवून घाबरवतात, त्याच गाळाने पाणी शुद्ध होतं

अशोक गाडगीळ यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. मुंबई विद्यापीठ, आयआयटी कानपूर आणि मग बर्कली असं शिक्षण, आणि पुढे कामही बर्कलीतच. अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणारं स्वस्त उपकरण ही त्यांची १९९० च्या दशकातली ओळख. पण इथे महत्त्वाचं आहे ते त्यांच्या गटाचं आर्सेनिकवरचं काम.

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात लाखो लोक हातपंपाचं जे पाणी पितात, त्यात आर्सेनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेल्यावर त्वचेवर चट्टे येतात, पुढे कर्करोगही होतो. (वसईच्या पाण्यात आर्सेनिक आहे, असा याचा अर्थ अजिबात नाही. हा प्रश्न गंगेच्या गाळाच्या प्रदेशाचा आहे.) ते पाण्यात येतं कसं, याचं कारणही हेच सूक्ष्म कण. जमिनीखालच्या गाळातल्या लोह-ऑक्साइडच्या कणांवर ते आधी चिकटलेलं असतं. खाली ऑक्सिजन संपला की जिवाणू ते लोह वापरतात, कण विरघळतात आणि आर्सेनिक मोकळं होऊन पंपाच्या पाण्यात येतं.

गाडगीळांच्या गटाने हीच गोष्ट उलटी फिरवली. साध्या पोलादाच्या पत्र्यांतून थोडी वीज सोडायची आणि पाण्यात ताजा गंज तयार करायचा. त्या ताज्या कणांचा पृष्ठभाग प्रचंड असतो, त्यावर आर्सेनिक चिकटतं. लोखंड गंजत असताना मधल्या क्षणी बनणारे तीव्र पदार्थ आर्सेनिकचं पकडायला अवघड रूप बदलून सोप्या रूपात आणतात, हा आणखी एक फायदा. मग थोडी तुरटी टाकायची, म्हणजे कण गोळा होऊन तळाशी बसतात, आणि वरचं पाणी घ्यायचं. या पद्धतीचं नाव ईसीएआर. जाधवपूर विद्यापीठाच्या साथीने दक्षिण २४ परगणा जिल्ह्यात धपधपी इथल्या शाळेत याचा रोज १० हजार लिटर पाणी देणारा प्रकल्प २०१६ पासून चालवला गेला. तिथल्या पाण्यातलं आर्सेनिक लिटरला सुमारे २५० मायक्रोग्रॅमवरून ५ च्या खाली आलं. गाडगीळांना २०२३ मध्ये अमेरिकेचं तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक मिळालं.

तंत्र म्हणून पाहिलं तर दारात येणारा डबा आणि धपधपीचा प्रकल्प यांत फरक फार थोडा. लोखंड, वीज, पाणी, गंज. फरक वेगाचा आणि हवेचा आहे. डबा घाईने लोखंड ओततो आणि ऑक्सिजन संपवून काळा गाळ करतो. धपधपीत मात्र वीज इतक्या बेताने सोडली जाते की ऑक्सिजन पुरेल आणि कण फेरिहायड्राइटसारखे बारीकच राहतील. याच गटाने क्ष-किरणांनी त्या कणांची रचना तपासली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आर्सेनिक कणाला चिकटतं तेव्हा ते लोहाच्या पुढच्या जोडण्यांची जागाच अडवतं. त्यामुळे कणाला वाढून नीट स्फटिक होता येत नाही. म्हणजे जे विष पकडायचं, तेच विष सापळ्याला तरुण ठेवतं. पुढे कधी तो कण पिकून गोएथाइट झाला आणि आठ फ्लॅटचा पृष्ठभाग आकसून एक-दोन फ्लॅटवर आला, तर काही आर्सेनिक स्फटिकात कोंडलं जाईल आणि काही परत पाण्यात सुटू शकेल. म्हणूनच उरलेला गाळ कुठेही टाकून चालत नाही. तो काँक्रीटमध्ये घालून बंद करण्यावर तिथे काम झालं आहे.

मग आपल्या नळाचं काय करायचं?

डबा खोटा ठरला म्हणून पाणी आपोआप चांगलं ठरत नाही, हे आधी सांगायला हवं. पाण्याबद्दलची शंका रास्त असते. फक्त ती दूर करायला तो डबा उपयोगाचा नाही.

क्षार मोजायचे असतील तर टीडीएस मीटर काहीशे रुपयांना मिळतं आणि गाळ न करता आकडा सांगतं. भारतीय मानकानुसार ५०० पर्यंत पाणी चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतं. किनाऱ्याकडच्या बोअरचं पाणी १,००० च्या वर असेल तर आरओ लावणं समजण्यासारखं आहे. धरणाच्या कमी क्षारांच्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे बहुतेक वेळा पाणी आणि पैसे दोन्ही वाया घालवणं. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

जंतूंसाठी वेगळी परीक्षा लागते. त्यातली एक सोपी परीक्षा भारतातच १९८२ मध्ये मांडली गेली, आणि योगायोग असा की तीही लोहावरच चालते. बाटलीतल्या पट्टीत लोहाचा क्षार असतो. त्यात पाणी भरून बाटली एक-दोन दिवस उबेला ठेवायची. विष्ठेतून येणारे जिवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो लोहाशी जुळून लोहसल्फाइड बनतं आणि बाटली काळी होते. इथला काळा रंग मात्र खरोखर घाबरण्यासारखा. सोसायटीच्या टाकीचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घेणं हा सर्वांत सरळ मार्ग; भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा हे काम करतात.

आणि पाण्यात खरंच लोह आहे का, हे पाहायला वीज लागतच नाही. बोअरचं ताजं पाणी पारदर्शक बाटलीत भरून तोंड उघडं ठेवायचं. काढताना नितळ असलेलं पाणी रात्रभरात पिवळट झालं आणि तळाशी विटकरी साका बसला, तर लोह आहे. असं पाणी विषारी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने लोहासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेली नाही. पण चव बिघडते, कपड्यांवर डाग पडतात आणि आरओची जाळी हे कण भरून लवकर बंद पडते. अशा पाण्याला आरओच्या आधी हवा देऊन लोह बसवणं आणि वाळूतून गाळणं जास्त कामाचं.

डागांच्या बाबतीत कणाचं वय महत्त्वाचं ठरतं. बादलीवरचा किंवा फरशीवरचा ताजा डाग म्हणजे फेरिहायड्राइट. त्याचा पृष्ठभाग मोठा, रचना सैल, म्हणून लिंबू किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो बऱ्यापैकी सुटतो. तोच डाग महिनोन्‌महिने ओला-सुका होत राहिला की तो गोएथाइट, हेमॅटाइट होतो आणि मग तेच लिंबू त्याला दाद देत नाही. कपड्यांवरच्या अशा डागाला ब्लीच लावणं तर उलटंच काम करतं. पाण्यात विरघळलेलं उरलंसुरलं लोहही त्याने गंजून धाग्यात बसतं.

फरशीचे जुने डाग काढायला बाथरूममध्ये ॲसिड ओतायची पद्धत आपल्याकडे आहे. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. दोन्ही एकत्र टाकले की डाग लवकर जातो, असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. ते पुढे पाठवू नयेत. डाग जुना असेल तर लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी कपड्याच्या बोळ्यात भिजवून तासभर त्यावर ठेवायचं, घासायचं आणि पुन्हा ठेवायचं. दोन-तीन वेळा करावं लागतं, आणि तरी फिकट खूण राहू शकते.